घरीं शिकण्यासाठीं पियानो घेतांना

विदर्भांतील एका भगिनींनीं आम्हांस पत्र लिहून विचारिलें आहे कीं, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीस पियानो शिकण्याची ओढ लागली आहे. घरांत माणसें आठ, खोल्या चार, खरा पियानो ठेवण्यास जागा नाहीं व तेवढी ऐपतही नाहीं. तेव्हां उचलून इकडचा तिकडे नेतां येईल असा विजेवर चालणारा डिजिटल पियानो घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर काय पाहून घ्यावा? पत्राच्या शेवटीं त्या लिहितात, "आपण पेटी वाजवितां असें आपल्या लेखांवरून समजलें. तेव्हां आपणांस यांतलें कळत असेलच."

हें शेवटचें वाक्य वाचून आम्ही थोडे ओशाळलों. पेटी आम्ही चाळीस वर्षें वाजवीत आलों आहों हें खरें. शाळेंतील प्रार्थना, गणपतीच्या आरत्या, शेजारच्या मंडळींचें भजन, एवढाच तिचा विस्तार. तरी बोटें अगदींच परकीं नाहींत. परंतु या बाबतींत आमची फसगत झाली ती त्या पेटीमुळेंच, आणि तिचें प्रायश्चित्त आम्हांस न मिळतां आमच्या नातीस मिळालें. ती हकीकत आधीं सांगितली म्हणजे प्रश्नाचें निम्में उत्तर त्यांतच येईल.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या नातीनें, ती त्या वेळीं नऊ वर्षांची होती, पुण्याच्या कँपांत राहणाऱ्या एका गोमंतकीय बाईंकडे पियानोच्या शिकवणीस जाण्यास आरंभ केला. बाईंकडे जुना उभा पियानो आहे. घरीं सरावास कांहीं तरी हवें म्हणून चिरंजीवांनीं तें काम आमच्यावर सोंपविलें. "बाबा, तुम्हांला पेटी येते, तुम्हीच पाहा," एवढें बोलून ते कचेरीच्या कामास परगांवीं गेले. आम्ही एका दुकानांत गेलों. दुकानदारानें ६१ पट्ट्यांचा एक कीबोर्ड पुढें ठेविला. तो काखेंत मारून नेतां येईल इतका हलका. त्यांत बासरीपासून तुतारीपर्यंत शेंकडों आवाज. कळ दाबतांच तबल्याचा ठेका सुरू. आम्हीं चार पट्ट्या दाबून पाहिल्या. बोट टेकतांच सूर निघे. पेटीची पट्टी जितकी हलकी तितकी पेटी चांगली, ही आमची जन्माची समजूत. त्या हिशेबानें हें वाद्य उत्तमांत उत्तम ठरलें, आणि पांच मिनिटांत आम्ही पैसे मोजून मोकळे झालों.

पुढें नऊ महिने नात रोज संध्याकाळीं अर्धा तास त्यावर बसत असे आणि आम्ही घड्याळ घेऊन शेजारीं. घरीं तिचे सूर स्वच्छ निघत. बाईंकडून मात्र ती उतरलेल्या चेहऱ्यानें परत येई. तेथें कांहीं सूर निघतच नसत, कांहीं एकदम ओरडत, आणि करंगळी व तिच्या शेजारचें बोट तर मध्येंच गळून जात. आम्हीं पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. असा विद्यार्थी पुढें आला म्हणजे मास्तर जो निष्कर्ष काढतो तोच आम्हींही काढला. पोरीचें लक्ष नाहीं! अर्ध्या तासाचा पाऊण तास केला. एके दिवशीं परत येतांना रिक्षांत ती रडूं लागली व म्हणाली, "आजोबा, घरीं येतं हो मला, तिथं येत नाहीं." हेंच वाक्य आम्हीं वर्गांत इतक्या मुलांच्या तोंडून ऐकिलें होतें कीं आम्हांस हसूं आलें. आम्ही हसलों. मुलगी गप्प झाली, आणि त्यानंतर आठ दिवस तिनें वाद्यास हात लाविला नाहीं.

अखेर बाईंनीं आम्हांसच बोलाविलें. फारसें कांहीं न बोलतां त्यांनीं आम्हांस आपल्या पियानोपुढें बसविलें व म्हटलें, "मास्तर, सा रे ग वाजवा पाहूं." आम्हीं पेटीवर ठेवतों तसें अलगद बोट ठेवून पट्टी दाबिली. पट्टी तळापर्यंत गेली. आवाज कांहींच झाला नाहीं. दुसरी दाबिली, तीही मुकी. तिसऱ्या वेळीं चिडून जोर केला, तों असा दणका निघाला कीं आम्हीच दचकलों. बाई म्हणाल्या, "पेटीची हवा तुम्ही डाव्या हातानं भरतां, मास्तर. इथं ती बोटांतच भरायची असते. तुमची नात घरीं ज्याच्यावर वाजवते, त्याच्यावर बोटाला कामच नाहीं."

चाळीस वर्षें पेटी वाजवून ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती. पेटींत सूर लहानमोठा होतो तो भात्यानें. बोट फक्त दार उघडतें. तें हळू उघडा कीं धाडकन् उघडा, आंत वारा असेल तितकाच आवाज. युरोपांत पियानोच्या आधीं हार्पसिकॉर्ड नांवाचें वाद्य प्रचारांत होतें; त्यांतही पट्टी दाबली कीं तार छेडली जाई, पण बोटाच्या जोरानें आवाजांत फारसा फरक पडत नसे. फ्लॉरेन्स येथें मेदिची राजपुत्राच्या पदरीं वाद्यांची देखभाल करणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें ही उणीव भरून काढली. इ. स. १७०० मधील तेथील वाद्यांच्या यादींत त्याच्या या नव्या वाद्याची नोंद आहे, आणि तें हळूही वाजतें व मोठ्यानेंही वाजतें, म्हणजे इटालियन भाषेंत 'पियानो' आणि 'फोर्ते', असा त्याचा गुण तींत सांगितला आहे. पुढें त्या जोडनांवाचा पूर्वार्धच लोकांच्या तोंडीं राहिला. एवढा घनगंभीर आवाज काढणारें वाद्य जगभर 'हळू' या नांवानें ओळखलें जावें, ही व्युत्पत्ति आम्हांस वेळेवर माहीत असती तर वर्गांत तिचा चांगला उपयोग झाला असता.

क्रिस्तोफोरीची युक्ति अशी कीं, पट्टी तारेस स्वतः शिवत नाहीं. ती एक हातोडी वर उडविते. तारेपाशीं पोंचण्याच्या किंचित् आधीं हातोडी पट्टीपासून सुटते व आपल्याच वेगानें जाऊन तारेवर आदळते. वेग जास्त तर आवाज मोठा, कमी तर नाजूक. आणि अगदींच सावकाश दाबलें तर हातोडी तारेपर्यंत पोंचतच नाहीं. आम्हांस बाईंकडे जी शांतता ऐकूं आली ती हीच. म्हणजे पियानो शिकणें हें बोटास वजन फेंकण्यास शिकविणें आहे, आणि जेथें फेंकावयास वजनच नाहीं तेथें कितीही तास बसलें तरी तें शिक्षण होत नाहीं. ज्या पाठशाळेंत ऱ्हस्व आणि दीर्घ सारखेच म्हणूं देतात तेथें मुलगा सगळी रूपावली पाठ करील. पण पहिल्याच श्लोकाला त्याचें वृत्त मोडेल, आणि दोष मुलाचा दिसेल. आमच्या नातीचें हेंच झालें होतें, आणि पाठशाळा आम्हीं काढून दिली होती.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, आवाज किती व ठेके किती हें विचारूं नये. पट्टी कशी आहे हें विचारावें. डिजिटल पियानोंत तारा नसतात. बहुतेक यंत्रांत खऱ्या पियानोचे सूर टिपून सांठविलेले असतात, आणि पट्टी किती वेगानें खालीं गेली हें मोजून त्या मानानें आवाज बाहेर सोडिला जातो. परंतु चांगल्या यंत्रांत पट्टीबरोबर हलणारें हातोडीवजा वजन खरोखरीच बसविलेलें असतें. तें कोणत्याही तारेवर आदळत नाहीं; बोटास भार लागावा एवढ्याचसाठीं तें असतें. दुकानांत यास 'हॅमर अॅक्शन' म्हणतात. नुसतें 'टच सेन्सिटिव्ह' असें लिहिलेलें असेल तर तेवढ्यानें फसूं नये. वेग मोजला जातो एवढाच त्याचा अर्थ, खालीं साधी स्प्रिंगही असूं शकेल. खऱ्या पियानोची पट्टी खालीं जाण्यास सुमारें ५० ग्रॅम भार लागतो, आणि खर्जाकडील पट्ट्या वरच्या सप्तकांतील पट्ट्यांहून थोड्या जड असतात. पुष्कळ डिजिटल यंत्रांतही ही उतरती श्रेणी राखलेली असते. पट्ट्या ८८ हव्यातच काय, अशी शंका येईल. पहिल्या एकदोन वर्षांच्या धड्यांस मधलीं चार सप्तकें पुरतात. पण वजनदार पट्ट्यांचीं यंत्रें बहुतेक ८८ पट्ट्यांचींच असतात, म्हणून तो प्रश्न आपोआप मिटतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही दुकानांत गेलों तेव्हां नात बरोबर होती, आणि बाईंनीं कृपा करून स्वतः येण्याचें कबूल केलें. त्यांनीं तेथें जें करविलें तें लिहून ठेवण्यासारखें आहे. आधीं यंत्र बंद ठेवूनच त्यांनीं नातीकडून पट्ट्या दाबून घेतल्या, म्हणजे आवाजाची भूल न पडतां बोट काय सांगतें तें कळावें. पट्टीच्या पुढच्या कडेस, आणि मग मागें काळ्या पट्ट्यांच्या मधल्या अरुंद जागेंत, अशी दोन्ही ठिकाणीं करंगळी टेकविली. कारण आटोपशीर यंत्रांत पट्टीची दांडी आंतून आंखूड असते, आणि मागच्या बाजूस दाबूं लागलें कीं ती हट्टी होते. काळ्या पट्ट्या वाजवितांना बोट मागें जाणारच. मग यंत्र सुरू करून एकच पट्टी लागोपाठ आठदहा वेळां, जमेल तितक्या जलद. एकही ठोका गिळला जातां कामा नये. त्यानंतर खर्जांतली एक पट्टी दाबून धरली व सूर कसा विरतो तें सर्वांनीं डोळे मिटून ऐकिलें. खरा सूर हळूहळू निवत जातो व निवतांना त्याचा रंग पालटतो. हलक्या यंत्रांत तो एकदम तुटतो, किंवा रहाटासारखा तोच तो फिरत असल्याचें जाणवतें. शेवटीं पेडल दाबून खालपासून वरपर्यंत सूरच सूर ओतले, पहिले मध्येंच नाहींसे होतात कीं काय तें पाहण्यासाठीं. एका वेळीं किती सूर जिवंत राहतात याचा आंकडा पत्रकांत छापलेला असतो. यामाहाच्या पी-१४५ चा तो ६४ आहे, रोलंडच्या एफपी-१० चा ९६. विक्रेते या आंकड्याचें फार कौतुक करतात. मुलीच्या पहिल्या चारपांच वर्षांस ६४ पुरे आहेत. जादा पैसे द्यावयाचे तर ते पट्टीसाठीं द्यावे.

मग आमची पाळी आली. आम्हीं मुद्दाम पेटीच्या संवयीनें अलगद बोट दाबिलें. आवाज आला नाहीं. विक्रेता तरुण लगबगीनें पुढें झाला व म्हणाला, "काका, आवाज कमी आहे, वाढवून देतो." "राहूं द्या," आम्हीं म्हटलें, "आम्हांला हेंच पाहिजे होतें." या सर्व कसोट्यांस दोन यंत्रें उतरलीं, त्यांतलें कोणतें घ्यावें हें आम्हीं नातीच्या करंगळीवर सोंपविलें. त्याचें नांव येथें लिहीत नाहीं, कारण तुमच्या मुलीची करंगळी निराळी असेल. अशीं यंत्रें आज अर्ध्या लाखाच्या अलीकडेपलीकडे मिळतात. ही रक्कम लहान नव्हे, आणि आमच्यासारखी ती दोन हप्त्यांनीं, एक फुकट व एक कारणीं, अशी घालवूं नये. (जातां जातां: यामाहा या जपानी कंपनीचा उगम १८८७ सालीं हामामात्सु गांवच्या शाळेंतील एक नादुरुस्त ऑर्गन दुरुस्त करण्यांत आहे. तो हवेवर वाजणारा ऑर्गन, म्हणजे आमच्या पेटीचा चुलतभाऊच. शाळामास्तर या नात्यानें ही माहिती आम्हांस फार आवडली.)

आतां उचलून नेण्याविषयीं. खरा उभा पियानो पुष्कळदां २०० किलोंच्याही वर जातो. त्यांत सुमारें २३० तारा, त्या वर्षांतून दोनदां तरी जुळवाव्या लागतात, आणि आपल्याकडील पावसाळ्यांत लांकूड फुगून सूर लवकर हालतात. डिजिटल यंत्राचे सूर जुळविण्याचा प्रश्नच नाहीं. लहान यंत्रें दहा ते तेरा किलोंचीं, लांबीस साडेचार फुटांहून थोडीं कमी. अशीं सोयीचीं वाद्यें सरावासाठीं बाळगण्याची चाल जुनी आहे. १७६३ सालीं मोझार्टचे वडील मुलांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हां त्यांनीं आउग्सबुर्ग येथें श्टाइन नांवाच्या कारागिराकडून वाटेंतल्या सरावासाठीं एक लहान क्लॅव्हिकॉर्ड विकत घेतलें. मुलगा तेव्हां सात वर्षांचा होता. तें वाद्य आज बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. क्लॅव्हिकॉर्डचा आवाज इतका नाजूक कीं शेजारच्या खोलींत जेमतेम जावा. पण बोटाचा हलका-भारीपणा त्यास बरोबर कळे. म्हणजे त्या शहाण्या बापानें आकार कमी घेतला, आवाज कमी घेतला, आणि बोटाचें काम मात्र राखिलें. आम्हीं नेमकें उलट केलें होतें.

परंतु मोझार्टचें कुटुंब प्रवासांत होतें. आपण घरांत आहों. एकत्र कुटुंबांत जी वस्तु उचलतां येते ती उचलली जातेच. हळदीकुंकू आलें, उचला. पाहुणे निजावयाचे आहेत, उचला. श्रावणांत सत्यनारायण आहे, उचला. आणि एकदां कपाटावर चढलेलें अकरा किलोंचें यंत्र दहा वर्षांच्या मुलीस खालीं काढतां येत नाहीं. घरांतल्या कोणा मोठ्या माणसास सवड होईपर्यंत सराव बंद. आमच्या येथें पहिल्याच महिन्यांत हें दोनदां झालें. तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं निकाल दिला कीं, पियानो बैठकीच्या खिडकीखालींच राहील, पाहुण्यांच्या गाद्या दुसरीकडे पडतील. हा निकाल त्यांनीं दिला म्हणून टिकला. आम्हीं दिला असता तर टिकता ना.

पेटीप्रमाणें चौरंगावर ठेवून, मांडी घालून वाजविण्याचा मोह होतो, तो आवरावा. कोंपर पट्ट्यांच्या पातळींत यावें लागतें, आणि पुढें पेडलसाठीं पाय लागतो. कात्रीसारख्या पायांचें घडीचें स्टँड स्वस्त मिळतें, पण जोरानें वाजवितांना डुलतें. चार पायांचें लांकडी बरें. मुलीचे पाय लोंबकळत असतील तर खालीं आधार द्यावा. आमच्याकडे जेवणाचे दोन पाट एकावर एक ठेवून काम भागलें. यंत्राबरोबर येणारें पेडल पुष्कळदां एक चौकोनी बटणच असतें व फरशीवरून सरकत जातें. खऱ्यासारखें जड पेडल मागाहून वेगळें घ्यावें. धूळ आंत गेली म्हणजे कांहीं पट्ट्या वेडेवांकडें वागूं लागतात, म्हणून वाजवून झालें कीं वर सौ.च्या जुन्या नऊवारीचा तुकडा पडतो. जेथें वीज वारंवार जाते तेथें सेलांवरही चालणारें यंत्र पाहावें. कॅसिओचें सीडीपी-एस१०० सहा सेलांवर चालतें.

भगिनींनीं एक गोष्ट मात्र आधींच ठरवावी. मुलीस रागदारी शिकावयाची असेल तर पियानो हें त्याचें वाद्य नव्हे. पट्ट्यांवर मींड निघत नाहीं. असल्याच आक्षेपांवरून आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीस बंदी होती. पेटीचा सूर निदान लांबवितां तरी येतो. पियानोचा सूर निघाल्या क्षणापासून मावळूं लागतो. पाश्चात्य स्वरलिपि वाचणें, दोन हातांनीं एकाच वेळीं दोन निरनिराळ्या चाली चालविणें, यासाठीं पियानो घ्यावा.

राहतां राहिला हेडफोन. त्याविषयीं आमच्या घरांत बराच वाद झाला. आमच्या येथें माणसें नऊ. मूल चुकलें कीं स्वयंपाकघरांतून, गच्चींतून, देवघरांतून दुरुस्त्या येतात. आणि चुकल्यावांचून तर शिकतां येत नाहीं. हेडफोन लाविला कीं नातीच्या चुका तिच्या तिलाच ऐकूं येतात. पण बाहेरच्यांस काय ऐकूं येतें? लांकूड वाजल्यासारखें नुसतें ठक् ठक्. पहिल्या संध्याकाळीं सौ. बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, पोर नुसती बोटं आपटते आहे! एवढे पैसे घातले, आवाज कुठं आहे?" खालच्या मजल्यावरील गृहस्थांनींही दुसऱ्या दिवशीं जिन्यांत विचारिलें कीं, रोज संध्याकाळीं आपल्याकडे काय कुटतात? स्टँडच्या पायांखालीं चौघडी सतरंजी घातल्यावर ती तक्रार मिटली. सौ.ची मिटली नाहीं. शेवटीं असा तह ठरला कीं, अर्धा तास हेडफोन लावून, आणि दिवेलागणीच्या आधीं दहा मिनिटें मोकळ्या आवाजांत, त्या दिवशीं जें नीट बसलें असेल तेवढेंच. त्या दहा मिनिटांत कोणींही दुरुस्ती सांगावयाची नाहीं. हें शेवटचें कलम नातीनें घातलें, आणि कोणाकडे पाहून घातलें तें आम्हांस समजलें.

चुकीची संवय जाऊन बोटें वळणावर येण्यास चार महिने लागले. बाईंकडे आतां तिचे सूर गिळले जात नाहींत. करंगळी अजून कमजोर आहे, पण ती सर्वांचीच असते असें बाई म्हणतात. पहिला कीबोर्ड धाकट्या नातवानें बळकाविला असून गणपतींत आरतीस तबल्याचा ठेका तोच धरतो. गेल्या पंधरवड्यांत एकदां नात शाळेंतून उशिरां आली व दिवेलागण होऊन गेली, तेव्हां देवापाशीं वात सारीत असलेल्या सौ.नींच आंतून विचारिलें, "आज वाजवायचं नाहीं का ग?"